इंदूरच्या गच्चीवरून चांद्रयान का दिसत नाही

14 जुलै 2019 ची रात्र. भाचा सराफ्यातून भुट्ट्याचा कीस खाऊन आला तो चपला न काढता थेट गच्चीवर. 'चांद्रयान-2' पहाटे 2 वाजून 51 मिनिटांनी उडणार होतं आणि कॉलनीत मेसेज फिरत होता, "दक्षिणेला बघा भिया, आगीची रेघ दिसेल." मी खाली टीव्हीसमोर. उड्डाणाला 56 मिनिटं उरली असताना तांत्रिक दोषामुळे काउंटडाउन थांबलं, तेव्हा जिन्यातून ओरडून मीच त्याला खाली बोलावलं.

शेजारच्या काकूंना सकाळपर्यंत कारण सापडलं होतं. दोन दिवसांवर चंद्रग्रहण, मग दुसरं काय होणार! ग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली. तिला दोन दिवस आधी श्रीहरिकोट्याचा पत्ता कुणी दिला, हे मी विचारलं नाही. चहा त्यांच्याच घरचा होता. पण भाच्याचा प्रश्न चांगला होता. "मामा, उडालं असतं तर दिसलं असतं का?"

पृथ्वी सपाट असती तर कदाचित. ती गोल असल्यामुळे दूरचं रॉकेट आधी क्षितिजाखाली लपलेलं असतं आणि पुरेसं वर चढल्यावरच डोकावतं. किती वर? वहीत एक गोल काढा. तुमच्या पायाशी त्याला स्पर्शरेषा काढा. ती तुमची नजर. त्या रेषेवर दूर कुठेतरी रॉकेट आहे. तुम्ही, रॉकेट आणि पृथ्वीचा मध्य जोडलात की काटकोन त्रिकोण झाला, काटकोन तुमच्या पायाशी. एक बाजू पृथ्वीची त्रिज्या, 6371 किलोमीटर. दुसरी बाजू तुमच्यापासून रॉकेटपर्यंतचं अंतर. कर्ण म्हणजे त्रिज्या अधिक रॉकेटची उंची. पायथागोरस लावा. उंचीचा वर्ग त्रिज्येच्या मानाने किरकोळ, तो सोडून द्या. उरतं ते असं: अंतराचा वर्ग म्हणजे त्रिज्येची दुप्पट गुणिले उंची. 12742 चं वर्गमूळ जवळपास 113. म्हणजे किलोमीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, 113 ने गुणा, की रॉकेट किती किलोमीटरवरून दिसेल ते हातात. हे सूत्र मला इतकं आवडतं की मी ते गच्चीलाही लावून पाहिलं: 12 मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर क्षितिज सुमारे 12 किलोमीटरवर.

आता उलट जाऊ. इंदूर ते श्रीहरिकोटा हवाई अंतर 1100 किलोमीटरच्या आसपास. भागिले 113, मग वर्ग: सुमारे 95 किलोमीटर. रॉकेट इतकं वर गेलं तरी आपल्याला ते जेमतेम क्षितिजाला टेकलेलं दिसणार, तेही ढगांतून आणि धुळीतून. शिवाय ते आपल्याकडे येत नसतं. बंगालच्या उपसागरावरून पूर्वेकडे, आपल्यापासून दूर पळत असतं.

आणि खरी गोम पुढे आहे. डोळे दिपवणारा उजेड असतो बाजूच्या दोन घन इंधनाच्या बूस्टरचा. त्यांच्या इंधनात ॲल्युमिनियमची भुकटी असते. ती जळताना पांढरीशुभ्र होते, फुलबाजीसारखी. हे बूस्टर दोन मिनिटांच्या थोडं पुढे विझतात आणि गळून पडतात, तेव्हा यान 95 किलोमीटरच्या बरंच खाली असतं. मधल्या टप्प्याच्या द्रव इंधनाची ज्योत त्यांच्यापुढे अगदीच फिकी. उंची मिळते तेव्हा उजेड गेलेला असतो.

ही हौस खरी फिटली ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांची. 6 सप्टेंबर 2013 ला रात्री 11 वाजून 27 मिनिटांनी व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स बेटावरून नासाचं 'लॅडी' यान निघालं, चंद्राभोवतीचा अतिविरळ वायू आणि धूळ मोजायला. आपल्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ, नऊला तीन मिनिटं कमी. मी पोह्यांवर जिरावण टाकत पाहिलं. त्याचं 'मिनोटॉर-5' रॉकेट पाच टप्प्यांचं, पाचही घन इंधनाचे, त्यातले पहिले तीन जुन्या क्षेपणास्त्राचे. न्यूयॉर्क साधारण 345 किलोमीटरवर. सूत्राप्रमाणे रॉकेट सव्वानऊच्या आसपास किलोमीटर चढलं की तिथल्या क्षितिजावर हजर. लोकांनी फोटोही काढले. वॉलॉप्सच्या तळावरच्या एका फोटोत तर हवेत उडालेला बेडूक आहे, आणि तो खरा आहे.

त्या रात्री आकाशात चंद्र मात्र नव्हता. अमावास्या नुकतीच उलटलेली, चिमुकली कोर सूर्यामागोमाग कधीच मावळलेली. चंद्रावर जायचं तर चंद्र समोर दिसायला हवा, असं पुष्कळांना वाटतं. यानाला चंद्र आज कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं. आपण पोहोचू तेव्हा तो कुठे असेल, एवढंच बघायचं. 'लॅडी' पृथ्वीभोवती लांबट फेऱ्या मारत 6 ऑक्टोबरला पोहोचलं. चंद्र तोवर एक आख्खी फेरी मारून पुन्हा अमावास्या ओलांडून आला होता.

भाचा आता चेन्नईत नोकरीला आहे, श्रीहरिकोट्यापासून साधारण 80 किलोमीटरवर. 14 जुलै 2023 ला दुपारी 'चांद्रयान-3' उडालं तेव्हा तो गच्चीवर होता. व्हिडिओ पाठवला, निम्मा त्याच्याच अंगठ्याचा. खाली लिहिलं होतं: "80 भागिले 113, वर्ग. अर्धा किलोमीटर. मधली बिल्डिंग धरली नव्हती, मामा."