सुजेचं कारण पेशींना विचारताना

भर पावसात शेतात राबलेला माणूस ताप आणि ठणकणारे सांधे घेऊन येतो. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) असो वा गावचं आरोग्य केंद्र, डॉक्टरांपुढे पेच तोच: ही सूज जिवाणूंमुळे, विषाणूमुळे, की शरीर स्वतःवरच उलटल्यामुळे? लेप्टो या जिवाणूजन्य तापाला अँटिबायोटिक लागतं, विषाणूमुळे होणाऱ्या चिकुनगुनियात ते कुचकामी, आणि संधिवातावरची स्टिरॉइड्स दडलेला संसर्ग बळावू देतात.

ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या सूज आहे एवढंच सांगतात. सीआरपी या रक्तातल्या प्रथिनाचा शोध १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लागला, पण कारणाचा माग त्याआधीच पेशींमधून सुरू झाला होता. १८७९ मध्ये पॉल एर्लिक यांनी इओसिन हा रंग धरणाऱ्या पांढऱ्या पेशी वेगळ्या ओळखल्या. १९४० च्या दशकात भारतात रात्रीचा खोकला आणि धाप यांनी बेजार झालेल्या रुग्णांच्या रक्तात नेमक्या याच इओसिनोफिल पेशी बेसुमार वाढलेल्या दिसल्या. डॉक्टर वाइनगार्टन यांनी १९४३ मध्ये या आजाराला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ म्हटलं. अनेकदा दमा किंवा क्षय समजला जाणारा हा आजार म्हणजे फायलेरियाच्या (हत्तीरोगाच्या) सूक्ष्म कृमींविरुद्ध शरीराने दिलेली तीव्र प्रतिक्रिया, हे पुढे उलगडलं. डायइथाइलकार्बामाझिन या कृमींवरच्या औषधाने रुग्ण बरे होऊ लागले. हत्तीरोग पाहिलेल्या गोव्यासाठी हा इतिहास परका नाही.

रंगांची मर्यादा मात्र लवकरच जाणवली. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे वेगवेगळे प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच खुणेला चिकटणाऱ्या अँटिबॉडी (शरीराची संरक्षक प्रथिनं) बनवण्याची रीत शोधली, आणि पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा वाचता येऊ लागल्या. १९८२ मध्ये पॅरिसला या खुणांना सीडी क्रमांक देण्याची पद्धत ठरली. एड्सच्या रुग्णांमुळे सीडी ४ घरोघरी पोचलं.

सुजेच्या बाबतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती सीडी ६४. जिवाणूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवर निरोगी माणसात ती जेमतेम असते, जिवाणूंचा संसर्ग झाला की काही तासांत वाढते. विषाणूंच्या तापात मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरची सीडी १६९ चढते. दोन्ही एकत्र वाचल्या तर अंदाज पक्का होतो. एकट्या खुणेवर निदान ठोकू नये. इओसिनोफिल दम्यात, औषधांच्या अ‍ॅलर्जीतही वाढतातच.

या तपासणीला फ्लो सायटोमीटर (पेशींवरच्या खुणा वाचणारं यंत्र) आणि ताजं रक्त लागतं. काणकोण किंवा सत्तरी या गोव्याच्या दूरच्या तालुक्यांतल्या रुग्णाचा नमुना यंत्रापर्यंत वेळेत पोचायला हवा. तोवर साध्या स्लाइडवरची पेशींची मोजणी नीट वाचली, तरी औषध निवडताना मोठी मदत होते.