लसेबर आणि ग्रँड मार्की: दिसायला सख्ख्या बहिणी, म्हातारपण मात्र वेगळं

मिशिगन-ओहायोकडे शिकायला आलेल्या मराठी मुलांना जुनी गाडी बघून द्यायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आपसूक आलं आहे. विद्यापीठात येऊन महिना झाला की फोन येतो. "दादा, दोन गाड्या बघितल्यात. दोन्ही आजोबांच्या, एकाच हातातल्या. एक ब्यूक लसेबर, एक मर्क्युरी ग्रँड मार्की. दुसरीपण तशीच आहे, थोडी स्वस्त मिळतेय." त्या 'तशीच'पाशी मी त्यांना थांबवतो.

मुलांना त्या सारख्या वाटतात यात नवल नाही. दोघी फिकट सोनेरी नाहीतर चंदेरी रंगाच्या, पुढे तिघं बसतील असा सलग सोफा, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, आणि डिकी एवढी की भारतातून आणलेल्या चार बॅगा आडव्या मावाव्यात. सरकारी वर्गवारीतही दोघी एकाच खान्यात येतात: प्रवाशांची जागा आणि डिकी मिळून 120 घनफुटांच्या वर गेली की अमेरिकेत ती 'लार्ज कार'. दोघींचे मालक बहुधा सत्तरी ओलांडलेले. दोघींची कीर्तीही एकच, "मरत नाही ही गाडी."

पण गुडघ्यावर बसून खाली डोकावलं की लगेच कळतं, या दोन वेगळ्या जातीच्या गाड्या आहेत. ग्रँड मार्कीच्या खाली दोन जाडजूड लोखंडी पट्ट्यांची शिडीसारखी चासी आहे आणि बॉडी तिच्यावर वेगळी आणून बोल्टने बसवली आहे. आपल्याकडच्या जुन्या महिंद्रा जीपची असते तशी. पुढे उभं व्ही-8 इंजिन, मधून लांब शाफ्ट, मागे डिफरन्शिअल, ओढ मागच्या चाकांना. लसेबरला अशी वेगळी चासी नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा. इंजिन आडवं, व्ही-6, ओढ पुढच्या चाकांना. ग्रँड मार्की जवळजवळ फूटभर जास्त लांब, 212 इंच विरुद्ध 200 इंच, आणि वजनाला दोनशे किलोंहून जास्त भारी. 'टिकाऊ' हा शब्द दोघींना लागू पडतो, पण त्याचा अर्थ दोघींच्या बाबतीत वेगळा निघतो. तो अर्थ न कळता गाडी घेतली की दुसऱ्या हिवाळ्यात पैसे जातात.

आधी इंजिन, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात.

लसेबरमधलं 3800 इंजिन म्हणजे 3.8 लिटरचं, ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचं, पुशरॉडचं साधं यंत्र. त्याचा इतिहास मला फार आवडतो. ब्यूकने हे व्ही-6 घराणं 1960च्या दशकाच्या सुरुवातीला काढलं. मग व्ही-8चे दिवस आले, आणि 1967 मध्ये त्याची सगळी यंत्रसामग्री कायझर-जीपला विकून टाकली. म्हणजे ज्या जीपची भावंडं तेव्हा महिंद्रा मुंबईत बांधत होती, तीच कंपनी. पुढे तेलाचं संकट आलं, लोकांना कमी पिणारी इंजिनं हवीशी झाली, आणि 1974 मध्ये ब्यूकची मालक असलेल्या जनरल मोटर्सने विकलेली तीच यंत्रसामग्री परत विकत घेतली. त्यानंतर 2008 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ते इंजिन सुधारतच गेलं. 1988 मध्ये इंजिनाची थरथर कमी करणारा बॅलन्स शाफ्ट आला, 1990च्या दशकाच्या मध्यावर 205 अश्वशक्तीची दुसरी मालिका आली. एकच यंत्र चार दशकं घासूनपुसून चांगलं करत नेलं, की त्यात चुकायला फारसं उरत नाही.

ग्रँड मार्कीतलं 4.6 लिटरचं व्ही-8 त्या मानाने नवीन डोक्याचं. मर्क्युरी हा फोर्डचाच ब्रँड होता, इंजिनही फोर्डचंच. लिंकन टाउन कारमध्ये ते 1991 ला आलं, ग्रँड मार्की आणि तिची जुळी क्राउन व्हिक्टोरिया यांना 1992 ला मिळालं. कॅमशाफ्ट वर, हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणं, ॲल्युमिनियमची. हेच इंजिन अमेरिकेतल्या पोलिसांनी आणि न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं राबवलं. पोलीस गाडी तासन्‌तास एका जागी चालू उभी असते, मग अचानक सुसाट सुटते. टॅक्सी तर दोन पाळ्यांत चालते. असल्या जाचातून ही इंजिनं तीन लाख मैल काढतात, म्हणून आजोबांच्या हातातली, आठवड्यातून दोनदा चर्चला आणि किराण्याला गेलेली ग्रँड मार्की एक लाख मैलांवरही तरुण समजावी. इंजिनाच्या मूळ यंत्राबाबत मी दोघींमध्ये डावंउजवं करत नाही.

घोळ वरच्या प्लास्टिकचा आहे, आणि फरक खरा कळतो तो इथे. 1990च्या दशकात दोन्ही कंपन्यांनी इंजिनाच्या डोक्यावरचा हवा वाटणारा भाग, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, धातूऐवजी प्लास्टिकचा केला. दोघींचं प्लास्टिक हरलं, पण हरण्याची तऱ्हा निराळी.

ग्रँड मार्कीच्या मॅनिफोल्डमध्ये पुढच्या बाजूला, अल्टरनेटरपाशी, गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) एका बाजूहून दुसऱ्या बाजूला नेणारी वाट होती. तीही प्लास्टिकचीच. तापून-गार होऊन ती चिरायची. 1996 ते 2001च्या गाड्यांत हे इतकं झालं की सामूहिक दावा उभा राहिला आणि फोर्डला त्या भागाची वॉरंटी 7 वर्षांपर्यंत वाढवून द्यावी लागली. नंतरच्या मॅनिफोल्डला तेवढी वाट ॲल्युमिनियमची आली आणि प्रश्न मिटला. लक्षात घ्यायची गोष्ट ही की इथली गळती बाहेर होते. कूलंट इंजिनावर सांडतं, गोडसर वास येतो, खाली हिरवट थारोळं दिसतं, काटा चढतो. मालक शहाणा असेल तर गाडी बाजूला घेतो आणि इंजिन वाचतं.

3800च्या दुसऱ्या मालिकेत उलट होतं. इंजिनाचा गरम धूर थोडा परत आत फिरवायची एक नळी प्लास्टिकच्या वरच्या भागातून जाते. त्या नळीच्या धगीने आजूबाजूचं प्लास्टिक वर्षानुवर्षं हळूहळू भाजत जातं, ठिसूळ होतं, आणि शेजारच्या वाटेतलं कूलंट आत झिरपायला लागतं. बाहेर थेंब नाही. वास नाही. टाकीतलं पाणी मात्र महिन्याला बोटभर कमी. अशी गाडी रात्रभर उभी राहिली आणि एखाद्या सिलिंडरमध्ये कूलंट साठलं, तर सकाळी किल्ली फिरवल्यावर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दोन लाख मैल आरामात गेलं असतं असं इंजिन एका किल्लीत संपतं. म्हणून लसेबर बघायला गेलो की माझा पहिला प्रश्न मैलांचा नसतो. वरचा मॅनिफोल्ड आणि खालची गॅस्केटं बदलली आहेत का, पावती आहे का, हे विचारतो. बदलायच्या सुधारित भागात ती नळी बारीक असते, तिच्याभोवती हवेची जागा सोडलेली असते. शनिवार-रविवारात घरी होणारं काम आहे. ते झालेली लसेबर मी डोळे मिटून घेईन. न झालेली असेल, तर तेवढे पैसे किमतीतून कापून आधी तेच काम करून घ्यायला सांगतो, गाडी घरी नेण्यापूर्वी.

ग्रँड मार्कीच्या ॲल्युमिनियम हेडचं आणखी एक दुखणं आहे: स्पार्क प्लगसाठी आटे थोडेच. प्लग सैल राहिला तर दाबाने आट्यांसकट उडून येतो. लसेबरचे हेड लोखंडी, तिला ही काळजी नाही. तिचे मागचे तीन प्लग मात्र गाडीच्या आतल्या भिंतीला चिकटून आहेत, हात सोलून घ्यायची तयारी लागते.

गिअरबॉक्सचं गणित सोपं. लसेबरचा 4टी65-ई डबा वय झालं की आतला दाब सांभाळणारा सोलेनॉइड बिघडून झटके देऊ लागतो, विशेषतः गाडी तापल्यावर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना. ग्रँड मार्कीचा डबा तेल बदललं नाही तर साधारण चाळीस-पन्नास मैलांच्या वेगाला खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथर देतो, आणि बरेचदा ती नुसत्या तेलबदलाने जाते. पण दोघींपैकी कुणाचाही डबा खरोखर उतरवायची वेळ आली तर ग्रँड मार्कीचा सरळ खाली येतो. लसेबरचा काढायला इंजिनाखालचा पाळणाच, म्हणजे इंजिन टेकलेली चौकट, सोडवावा लागतो. काम तेच, मजुरी कितीतरी जास्त.

आता गंज. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण या भागात जुनी गाडी इंजिनाने मरत नाही, मिठाने मरते. नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते चाकांनी उडून खालच्या प्रत्येक सांध्यात बसतं. लसेबरच्या दारांखालचा जो लांब पत्रा आहे, ज्याला इथे रॉकर म्हणतात, तो आतून कुजतो. बाहेरून रंग धड असतो. मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरतो आणि त्याच्या मुठीने त्या पत्र्यावर पुढून मागे ठोकत जातो. धड पत्रा 'टण्' वाजतो. एखाद्या ठिकाणी आवाज 'भद्' झाला, की तिथे रंगाच्या मागे लोखंड उरलेलं नसतं, फक्त तपकिरी पापुद्रे असतात. लसेबरला वेगळी चासी नाही हे इथे महागात पडतं. तो पत्रा म्हणजेच तिचा सांगाडा, त्यावरच जॅक लागतो. तो गेला की उत्तम इंजिन असूनही गाडी भंगारात, कारण वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीहून वर जातो.

ग्रँड मार्कीही गंजते, ती गंजतच नाही असं कुणी समजू नये. पण तिची चासी जाड लोखंडाची, त्यामुळे तिला वेळ जास्त मिळतो, आणि बॉडीचा पत्रा सडला तरी गाडीचा कणा शाबूत राहू शकतो. तिच्या बाबतीत मी मागच्या धुऱ्याचे दांडे चासीला जिथे जोडले आहेत तिथे टॉर्च मारून बघतो. तिथे पोपडे दिसले तर नको. शिवाय दोघींच्याही ब्रेकच्या लोखंडी नळ्या मागच्या चाकाजवळ बोटाने चाचपून बघाव्यात. खरखरीत, फुगलेल्या लागल्या तर गाडी चालवून बघूसुद्धा नका, आधी टो करून गॅरेजला.

विजेच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो. 2003 ते 2005च्या ग्रँड मार्कीत दिवे सांभाळणारा मॉड्यूल तापून पुढचे दिवे अचानक जाण्याचा दोष माहितीचा आहे. त्या सालातली घ्यायची तर अर्धा तास दिवे लावून ठेवा आणि मग बघा. बाकी खिडक्यांच्या काचा दोघींच्याही पडतात.

तरी ग्रँड मार्की घ्यायचीच तर मी 2003 आणि पुढचीच सुचवतो. त्या साली चासी नव्याने आखली आणि स्टिअरिंग जुन्या बॉक्सऐवजी रॅकचं झालं, फरक पहिल्या वळणावर हाताला कळतो. सुट्या भागांचीही चिंता नाही, क्राउन व्हिक्टोरिया कॅनडात ऑन्टारियोतल्या सेंट थॉमसच्या कारखान्यात सप्टेंबर 2011 पर्यंत बनत होती आणि खालचं बहुतेक सगळं दोघींचं एक. एक गोष्ट मात्र मी कुणापासून लपवत नाही. या घराण्याची पेट्रोलची टाकी मागच्या धुऱ्याच्या मागे आहे. मागून फार वेगात धडक बसून आग लागल्याच्या घटना पोलीस गाड्यांत घडल्या, आणि 2002 मध्ये फोर्डने पोलीस गाड्यांना टाकीभोवती ढाली बसवून दिल्या. हे ऐकून कुणी ग्रँड मार्की नको म्हणालं तर मी त्याला आग्रह करत नाही.

लसेबर घ्यायची तर 2000 ते 2005ची, ती तिची शेवटची पिढी. हायवेला गॅलनला 28-30 मैल देते, म्हणजे लिटरला 12 किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अवजड देहाला हे फार छान आहे. ग्रँड मार्की तिथे 24-25 वर थांबते. बर्फात पुढची चाकं ओढणारी लसेबर निमूट चढाव चढते, तर ग्रँड मार्कीच्या डिकीत वाळूच्या गोण्या टाकाव्या लागतात आणि चांगले हिवाळी टायर घ्यावेच लागतात.

म्हणून कोणती घेऊ असं विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो: किती वर्षं ठेवणार, आणि गाडी कुठून आली आहे. दोन वर्षांची एम.एस. करून विकायची असेल, रोज बर्फातून कॉलेजला जायचं असेल, तर मॅनिफोल्ड बदललेली लसेबर. ती रोज सकाळी सुरू होईल. सात-आठ वर्षं राखायची असेल, हाताने पाना फिरवायची हौस असेल, तर ग्रँड मार्की, कारण तिचा प्रत्येक भाग सुटा होतो आणि पुन्हा बसतो. आणि टेनेसी-जॉर्जियासारख्या मीठ फारसं न पाहिलेल्या दक्षिणेकडून आलेली लसेबर समोर असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून मी आधी तिच्या रॉकरवर मूठ वाजवून बघतो. पुढून मागे सगळीकडे 'टण्' आलं, तर मुलाला सांगतो, आजच पैसे दे.