ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय

ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय हा दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन बॉम्बर दलांवरचा कृष्णधवल युद्धपट आहे. ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्स या संस्थेने तो १९४९ मध्ये काढला. निर्माता डॅरिल झॅनक, दिग्दर्शक हेन्री किंग, छायालेखक लिऑन शॅमरॉय, संगीतकार आल्फ्रेड न्यूमन. लांबी १३२ मिनिटे. ब्रिगेडियर जनरल फ्रँक सॅव्हेजची प्रमुख भूमिका ग्रेगरी पेकने केली आहे. डीन जॅगर, गॅरी मेरिल, ह्यू मार्लो आणि मिलर्ड मिचेल हे इतर प्रमुख नट आहेत. पटकथा साय बार्टलेट आणि बर्न ले (धाकटे) यांनी स्वतःच्याच १९४८ च्या कादंबरीवरून लिहिली. दोघेही युद्धकाळात इंग्लंडमधील अमेरिकन वायुदलात अधिकारी होते. त्यांपैकी ले ऑगस्ट १९४३ मध्ये जर्मनीतील रेगेन्सबुर्गवरील मोहिमेत निरीक्षक म्हणून गेले होते. पुढे ते स्वतः एका बॉम्बर ग्रूपचे, म्हणजे बॉम्बर विमानांच्या अनेक तुकड्या मिळून झालेल्या गटाचे, प्रमुख झाले आणि मे १९४४ मध्ये त्यांचे विमान पाडले गेले. शत्रूच्या हाती न लागता ते परत आले.

चित्रपटाचे नाव वैमानिकांच्या रोजच्या बोलण्यातले आहे. विमानाभोवती घड्याळाची तबकडी आडवी ठेवली आहे असे समजायचे. नाकासमोर बारा, शेपटीमागे सहा. ‘बारा वाजता, वर’ म्हणजे शत्रूचे लढाऊ विमान थेट समोरून आणि उंचावरून येत आहे. ही दिशा सर्वांत घातक होती. बी-१७ फ्लाइंग फोर्ट्रेस या चार इंजिनांच्या विमानावर चहूबाजूंनी मशीनगन होत्या, पण सुरुवातीच्या प्रकारांत नाकाकडचा मारा कमजोर होता. १९४२ च्या अखेरीस एगॉन मायर या जर्मन वैमानिकाने हे हेरले, आणि त्यानंतर जर्मन विमाने समोरून झेपावू लागली. १९४३ मध्ये आलेल्या जी प्रकारात नाकाखाली वेगळी फिरती मशीनगन बसवावी लागली, ती यामुळेच.

चित्रपटातला काळ १९४२ च्या हिवाळ्याच्या सुमाराचा आहे. ब्रिटिश वायुदल रात्री बॉम्बफेक करी. अमेरिकेच्या आठव्या वायुदलाचा हट्ट मात्र दिवसाउजेडी, नेमके लक्ष्य टिपण्याचा होता. त्यासाठी एका विमानात दहा माणसे बसत : वैमानिक, सहवैमानिक, मार्ग काढणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा बॉम्बार्डियर, फ्लाइट इंजिनियर, रेडिओ ऑपरेटर आणि मशीनगन चालवणारे चार गनर. फ्लाइट इंजिनियरच वरच्या फिरत्या बुरुजात बसून मशीनगन चालवी. विमानातली हवा बंदिस्त नव्हती. सात-आठ हजार मीटर उंचीवर शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीत प्राणवायूच्या नळीवर तासन् तास काढायचे. लढाऊ विमानांची सोबत जर्मनीपर्यंत पोहोचत नसे. लक्ष्यावर नेम धरताना विमान सरळ, एका पातळीत न्यावे लागे, आणि तेव्हा खालच्या विमानवेधी तोफांना हुलकावणी देण्याची सोय नसे. पंचवीस मोहिमा पुऱ्या झाल्या की सुटका होई, पण त्या काळात पंचविसाव्या मोहिमेपर्यंत पोहोचणारे थोडे होते. १७ ऑगस्ट १९४३ रोजी श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर निघालेल्या ३७६ बॉम्बर विमानांपैकी ६० परतली नाहीत. युद्धभरात आठव्या वायुदलाची २६ हजारांहून अधिक माणसे मारली गेली.

एवढी सगळी आग हाताशी असताना चित्रपट बराच वेळ जमिनीवरच राहतो. सलग हवाई लढाई दिसते ती पार शेवटच्या टप्प्यात. तोवर विमाने निघताना दिसतात, परतताना दिसतात, आणि मधला वेळ वाट पाहण्याचा असतो. आकाशाकडे डोळे लावून विमाने मोजणारी माणसे हाच या चित्रपटाचा खरा विषय आहे, आणि त्याचे मोठेपणही तिथेच आहे.

कथा १९४९ मध्ये सुरू होते. हार्वी स्टोव्हल (जॅगर) हा प्रौढ अमेरिकन वकील लंडनमध्ये एका दुकानाच्या काचेआड रॉबिन हूडच्या चेहऱ्याचा मातीचा मग पाहतो. आपल्या जुन्या तळाच्या क्लबातला तो मग त्याला लगेच ओळखू येतो. उद्या मोहीम असली की या मगाचे तोंड खोलीकडे फिरवून ठेवत. परक्याला त्यातले काही कळत नसे, पण आतल्या प्रत्येकाला कळे. मग घेऊन स्टोव्हल सायकलने आर्चबरीच्या ओसाड तळावर जातो. धावपट्टीच्या कडेला गवत माजले आहे. वाऱ्याने हलणारे ते गवत हळूहळू पंख्यांच्या झोताने आडवे होऊ लागते, इंजिनांची घरघर येते, आणि आपण सात वर्षे मागे जातो. गेलेली माणसे परत आणण्याची इतकी साधी युक्ती चित्रपटांत क्वचित सापडते.

या तळावरचा ९१८ वा बॉम्बर ग्रूप खचलेला आहे. त्याचा प्रमुख कर्नल डेव्हनपोर्ट (मेरिल) आपल्या पोरांवर जीव टाकतो, त्यांच्या चुका स्वतःवर घेतो. नॅव्हिगेटरच्या एका चुकीने माणसे गेली, तरी त्याला काढायला तो तयार होत नाही. जनरल प्रिचर्ड (मिचेल) डेव्हनपोर्टला बाजूला करून त्याचाच मित्र असलेल्या सॅव्हेजला पाठवतो. सॅव्हेज तळाच्या फाटकाआधी गाडी थांबवतो. तो पुढे ड्रायव्हरशेजारीच बसलेला असतो. दोघे खाली उतरून सिगारेट ओढतात आणि सॅव्हेज ड्रायव्हरला नावाने हाक मारतो. सिगारेट संपते. मग तो त्याला ‘सार्जंट’ म्हणतो आणि मागच्या आसनावर जाऊन बसतो. पुढच्या क्षणी फाटकावरच्या ढिसाळ पहारेकऱ्यावर तो बरसतो. हा माणूस जन्मतः कठोर नाही, कठोरपणा अंगावर चढवून आत शिरला आहे, हे एका सिगारेटीत समजते.

सॅव्हेज बार बंद करतो, रजा रद्द करतो, अनुभवी वैमानिकांना पुन्हा सरावाला लावतो. भीती सोडा, आपण मेलोच आहोत असे धरून चला, म्हणजे सोपे जाईल, असे तो पहिल्याच सभेत सांगतो. जबाबदारी टाळणाऱ्या गेटलीला (मार्लो) तो एका विमानावर नेमतो, त्या विमानाला ‘महारोग्यांची वसाहत’ असे नाव रंगवायला लावतो आणि ग्रूपमधली कुचकामी माणसे तिथे पाठवतो. सगळे वैमानिक बदलीचे अर्ज देतात. इथे स्टोव्हल पुढे येतो. तो तळाचा अ‍ॅडज्युटंट, म्हणजे कागदपत्रे सांभाळणारा अधिकारी. अर्ज नियमांत नीट बसवायला वेळ लागतो असे म्हणून तो लाल फितीचा कारभार सॅव्हेजच्या कामी आणतो. त्याने मिळालेल्या अवधीत ग्रूप उभा राहतो. कारकुनी चातुर्याला इतका मान देणारा युद्धपट दुसरा आठवत नाही. जॅगरला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले ते अगदी योग्य झाले. ध्वनिमुद्रणाचेही ऑस्कर मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि अभिनेता (पेक) यांसाठी नामांकने होती.

मग हळूहळू उलटे घडू लागते. सॅव्हेज डेव्हनपोर्टसारखाच पोरांत गुंतत जातो. बॉलबेअरिंगच्या कारखान्यांवरील मोहिमेत एका जवळच्या सहकाऱ्याचे विमान त्याच्या डोळ्यांदेखत फुटते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निघतो. बी-१७ मध्ये चढताना नाकाखालच्या दाराची कड दोन्ही हातांनी धरून अंग वर खेचायचे असते. सॅव्हेज कड धरतो, पण हात थरथरतात, अंग उचलत नाही. ज्याला त्याने सर्वांसमोर हिणवले होते तो गेटली आता ग्रूपचे नेतृत्व करतो. सॅव्हेज खोलीत खुर्चीवर बसून राहतो, ना बोलत, ना हलत. विमाने परतल्याचा आवाज कानी येतो तेव्हा कुठे तो भानावर येतो आणि झोपी जातो. पेकने इथे जवळजवळ काहीच न करता जे दाखवले, ते त्याच्या साऱ्या कारकिर्दीतले उत्तम काम म्हणावे लागेल.

या कथेमागे खरा ग्रूप आहे. जानेवारी १९४३ मध्ये कर्नल फ्रँक आर्मस्ट्राँग यांनी इंग्लंडमधील थर्ले येथील ३०६ व्या ग्रूपची सूत्रे घेतली. ३०६ ला तिनाने गुणले की ९१८ होतात. २७ जानेवारी १९४३ रोजी आठव्या वायुदलाच्या बॉम्बर विमानांनी विल्हेल्म्सहाफेनवर, म्हणजे जर्मन भूमीवर, पहिला हल्ला केला तो आर्मस्ट्राँग यांच्याच नेतृत्वाखाली. सॅव्हेजसारखे ते कोसळले नाहीत. पुढे पॅसिफिकमध्ये त्यांनी बी-२९ बॉम्बर विमानांच्या विंगचे, म्हणजे अनेक ग्रूप मिळून झालेल्या दलाचे, नेतृत्व केले.

चित्रीकरण १९४९ मध्ये फ्लॉरिडातील एग्लिन तळावर आणि अलाबामातील ओझार्क येथे झाले. बारा बी-१७ जमवण्यात आली. हेन्री किंग स्वतः वैमानिक होते. सुरुवातीला एक विमान चाके न उघडता पोटावर उतरते आणि तंबू उडवत जाते. ते पॉल मान्ट्झ या स्टंट वैमानिकाने एकट्याने उतरवले. त्यात कसलीही चित्रकरामत नाही. या कामाचे त्यांना ४,५०० डॉलर मिळाले. हवाई लढाईसाठी अमेरिकन आणि जर्मन वायुदलांनी टिपलेली खरी दृश्ये वापरली. ती बेमालूम जुळावीत म्हणून चित्रपट कृष्णधवल ठेवला.

एक उणीव मात्र डोळ्यांत भरते. बॉम्ब सुटतात, खाली धूर उठतो, आणि कॅमेरा वरच राहतो. ज्यांच्यावर बॉम्ब पडले ती माणसे चित्रपटात नाहीत. बॉम्बर दलांवरचे बहुतेक युद्धपट असेच आहेत, पण इतक्या सच्च्या चित्रपटात ही गैरहजेरी अधिक जाणवते.

लॉस एंजेलिसमध्ये पहिला खेळ २१ डिसेंबर १९४९ रोजी झाला. १९९८ मध्ये चित्रपटाचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला. अमेरिकन सैनिकी शिक्षणसंस्थांत तो नेतृत्वाचा पाठ म्हणून आजवर दाखवला गेला आहे. १९६४ ते १९६७ या काळात याच नावाची दूरचित्रवाणी मालिका चालली. तिच्या दुसऱ्या हंगामाच्या आरंभीच सॅव्हेज मारला जातो आणि ९१८ वा ग्रूप नव्या प्रमुखाच्या हाती जातो.