सेवेआधी पोट: महाराष्ट्रात नर्सिंग रुजलं त्याची गोष्ट

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. नर्सिंग कॉलेजांत त्या दिवशी दिवे लावून शपथ घेतात आणि 'या क्षेत्रात का आलात?' या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं: सेवेची आवड. उत्तर खोटं नाही. पण आपल्याकडे हा पेशा रुजला त्यामागे बायकांची पोटापाण्याची निकडही तेवढीच होती, आणि ते सांगायला आपण उगाच संकोचतो.

नाइटिंगेलची गोष्ट वेगळी. घर श्रीमंत. १८३७ साली, सोळाव्या वर्षी, देवाने आपल्याला हाक दिली अशी तिची खात्री झाली. घरचे कित्येक वर्षं आडवे आले, कारण तेव्हा इंग्लंडातही नर्सचं काम हलकंच समजलं जाई. १८५४ मध्ये ३८ जणींना घेऊन ती क्रिमियन युद्धातल्या जखमींकडे गेली, १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिची प्रशिक्षण शाळा निघाली आणि पेशाला अब्रू आली.

इकडे मुंबई इलाख्यात अडचण निराळी होती. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून बायका आजार अंगावर काढत. त्यातून १८८५ मध्ये बायकांना बायकांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी यासाठी डफरिन फंड उभा राहिला, १८८६ मध्ये मुंबईत बायकांसाठी, बायकांनीच चालवलेलं कामा इस्पितळ सुरू झालं. इस्पितळं आली, नर्सेस कुठून आणायच्या? परजातीच्या रुग्णाचं मलमूत्र काढायचं, परपुरुषाला हात लावायचा, रात्रपाळी करायची. सवर्ण घरांत यातली एकही गोष्ट खपणारी नव्हती. बाळंतपण करणाऱ्या सुईणीलाही तिथे गरजेपुरतंच घरात घेत.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्यासोबत पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच साथीत १० मार्चला त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी नर्सिंगचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. लोक गाव सोडून पळत असताना रोग्याला हात लावायला त्या पुढे झाल्या.

बाकीच्यांसाठी वाट मोकळी करायला मात्र संस्था लागली. रमाबाई रानडे १९०१ मध्ये विधवा झाल्या. ससून रुग्णालयात आणि येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला त्या जात. १९०९ मध्ये पुण्यात त्यांच्या पुढाकाराने सेवासदन ही बायकांसाठीची संस्था सुरू झाली आणि पुढे तिथल्या बायका नर्सिंग शिकू लागल्या. त्यांत विधवा बऱ्याच होत्या. बालविवाहाच्या त्या काळात ऐन तारुण्यात विधवा झालेली बाई सासरी फुकटची राबणारी आणि माहेरी ओझं. तिला नर्सिंगने राहायला जागा, हातात विद्या आणि महिन्याचा पगार दिला. टीका पुष्कळ झाली. सेवासदनाच्या एका समारंभातला प्रसंग नेहमी सांगतात. केशवपन केलेली, डोक्यावरून पदर घेतलेली विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला आली, तेव्हा गॅलरीतल्या पोरांनी हुर्यो केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई आभार मानायला उठल्या आणि तुम्ही कसले सुशिक्षित, असं म्हणत त्यांनी त्या पोरांना फैलावर घेतलं.

अशा बायकांना 'सेवेसाठी आलात की पगारासाठी?' असं विचारणं मला अन्यायाचं वाटतं. पगार होता म्हणून त्या घराबाहेर पडल्या. रात्रपाळ्या करून टिकल्या त्या कामात जीव रमल्यामुळे.

आजही एएनएम किंवा जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुली सरकारी नोकरीचा, परदेशी जाण्याचा हिशोब करतात. करूही दे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्याच कामा इस्पितळात अतिरेकी शिरले तेव्हा स्टाफ नर्स अंजली कुलथे ड्युटीवर होत्या. वॉर्डात २० गरोदर बायका होत्या. अंजली कुलथेंनी दारं लावून घेतली, सगळ्यांना आतल्या पॅन्ट्रीत हलवलं, आणि कळा सुरू झालेल्या एकीला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिकक्षात नेऊन पोचवलं.