ऑक्टोबरचं ऊन, चरकाचं ‘सहसा’ आणि घामातलं मीठ

मावशीने परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. शरद म्हणजे वाताचा काळ, पानं गळतात, हवा गार आणि कोरडी होते, म्हणून रोज गरम तिळाच्या तेलाने मालिश करा, आल्याचं सूप प्या, पायात लोकरीचे मोजे घाला. मी हे वाचत होतो तेव्हा पंखा पाचावर होता आणि बनियन पाठीला चिकटलेला.

सल्ला वाईट नाही, पत्ता चुकलाय. युरोप-अमेरिकेतला ‘ऑटम’ खरोखर गार आणि वाऱ्याचा असतो. गुणांच्या हिशोबाने तिथे वात म्हणणं पटण्यासारखं आहे. पण आपली पानगळ शिशिरात. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो पित्ताचा ऋतू आहे. वाताचा प्रकोप पावसाळ्यात, शरदात पित्ताचा. चरकाच्या शरदातल्या वर्ज्य गोष्टींत तर तेल आणि दही दोन्ही आहेत.

चरकाने दिलेलं कारण मला फार आवडतं. पावसाळ्यातल्या गारव्याची सवय झालेली शरीरं सूर्यकिरणांनी ‘सहसैव’, म्हणजे एकाएकी, तापतात आणि साठलेलं पित्त खवळतं. दोष उन्हाचा नाही, एकाएकीपणाचा आहे. मुंबईचंच पाहा. कमाल तापमानाची सरासरी ऑगस्टमध्ये ३० अंशांच्या आसपास, ऑक्टोबरमध्ये ३३च्या वर. आकडा तीनचाच वाढतो, पण ढगांचं छत्र गेलेलं असतं आणि जमीन अजून ओली असते.

आता शरीरात काय होतं ते बघू. एक ग्रॅम घाम त्वचेवरून उडून गेला की साधारण २४०० जूल उष्णता घेऊन जातो. टपकून खाली पडला तर फुकट. उन्हाची सवय मोडलेल्या माणसाचा घाम उशिरा सुटतो, तोवर शरीर तापलेलं असतं. रोज थोडी उष्णता सोसली की पहिल्या चार-सहा दिवसांत रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. मग त्वचेकडेही रक्त पुरतं आणि स्नायूंकडेही, हृदयाची धडधड कमी होते. त्यानंतर घाम लवकर आणि जास्त सुटायला लागतो.

खरी गंमत मिठाची. घामाच्या ग्रंथीच्या तळाशी वेटोळं असतं. तिथे तयार होणारा द्रव रक्ताइतकाच खारट. तो बारीक नळीतून वर येताना नळीच्या भिंती सोडियम परत शोषून घेतात. घाम जोरात सुटला तर शोषायला वेळ मिळत नाही आणि मीठ बाहेर पडतं. काळ्या शर्टावर काखेजवळ उमटणारा पांढरा नकाशा तो हाच. उष्णतेचा सराव सुरू झाला की अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक नळीच्या पेशींतले सोडियमचे दरवाजे वाढवतं. घाम वाढतो, तरी त्यातलं मीठ घटतं. तेवढ्याच उन्हात, तेवढ्याच चालण्यात, दुसऱ्या आठवड्यात तो नकाशा फिका पडलेला दिसतो.

हा सगळा सराव व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि उष्णतेपासून लांब राहिलं की तीन-चार आठवड्यांत तो बराचसा जातो. पावसाळा तर चार महिन्यांचा. (किनाऱ्यावर पावसाळाही घामट असतो, त्यामुळे तिथे तो पूर्ण मोडत नाही. पठारावर जास्त मोडतो.)

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथात ऋतुसंधी सांगितली आहे: जुन्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि नव्याचे पहिले सात. या काळात जुनी पद्धत क्रमाक्रमाने सोडायची, नवी क्रमाक्रमाने धरायची. म्हणजे १४ दिवस! यावरून ‘आपल्या ऋषींना अल्डोस्टेरॉन ठाऊक होतं’ असं मात्र कुणी लिहू नका. पित्त म्हणजे प्लाझ्मा नव्हे. नीट निरीक्षण केलं होतं, एवढं श्रेय पुरेसं आहे.

तसंच हंसोदकाचं. दिवसा उन्हाने तापलेलं, रात्री चांदण्यात निवलेलं आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेलं पाणी, असं वर्णन आहे. पाऊस ओसरल्यावर गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ होतं, हे खरं. पण नितळ पाण्यातही जंतू असतात आणि त्यांना अगस्त्याची भीती नाही. उकळूनच प्या. शरदात विरेचन सांगितलंय म्हणून ‘डिटॉक्स’ची पाकिटं मागवून घरीच जुलाब करून घेण्याचा प्रकार तर उरफाटाच: ज्या दिवसांत पाणी आणि मीठ आधीच घामातून जातंय, त्याच दिवसांत ते आणखी बाहेर काढायचं.

त्यापेक्षा पहिले दहा-बारा दिवस व्यायाम सकाळी आणि हलका ठेवावा, उन्हातला वेळ रोज थोडा वाढवावा, तहानेकडे लक्ष द्यावं. वाग्भटही अर्ध्या ताकदीचा व्यायाम थंडीत आणि वसंतातच करा म्हणतो, एरवी त्याहूनही सौम्य. जेवण हलकं, कडू-गोड चवीचं. कारल्याला यंदा नाक मुरडणार नाही.

मावशीला लिहिलं, तेलाची बाटली टाकू नकोस, हेमंतात अभ्यंग सांगितलेलंच आहे. तिचं लगेच उत्तर आलं, “आणि नरकचतुर्दशीला काय रे?” त्या आंघोळीपुढे चरकाचंही काही चालत नाही.