आमिश कुटुंबजीवनाचे मृत्तिकाशिल्प

अमेरिकेत प्रामुख्याने पेनसिल्व्हेनिया, ओहायो व इंडियाना राज्यांत राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथीयांचे घरगुती जीवन भाजलेल्या मातीच्या मूर्तिसमूहांतून दाखविणे. याकोब आमान यांच्या अनुयायांचा हा पंथ १६९३ मध्ये स्विस ॲनाबॅप्टिस्टांपासून (प्रौढपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या ख्रिस्ती पंथापासून) वेगळा झाला. प्रतिमा घडवू नये ही बायबलमधील आज्ञा आणि नम्रतेचा आग्रह यांमुळे पुष्कळ आमिश छायाचित्रासाठी उभे राहत नाहीत. मुलींच्या चिंध्यांच्या बाहुल्यांनाही अनेकदा चेहरा नसतो. म्हणून कुणा व्यक्तीची हुबेहूब मूर्ती टाळावी, चेहरा कोरा ठेवावा. नाते खांद्यांचा कल, हात आणि पोशाख यांतून उत्तम उमटते.

पोशाखातील चूक जाणकाराला लगेच दिसते. विवाहित पुरुषाला दाढी हवी, मिशी नको. त्याच्या रविवारच्या कोटावर बटणे कोरू नयेत. तेथे हुक असतात. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर काउंटीत (जिल्ह्यात) स्त्रियांची प्रार्थनेची टोपी मागून हृदयाकार, तर घोडागाडी करडी असते. ओहायोच्या होम्स काउंटीत गाडी काळी. एकाच समूहात दोन्हींची सरमिसळ करू नये. आजीआजोबा बहुधा मुख्य घराला लागून असलेल्या छोट्या घरात राहतात, त्यामुळे तीन पिढ्या एकत्र दाखविणे वस्तुस्थितीला धरूनच होते.

मातीत सुमारे २० टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भरड, मिसळावी. माती १० टक्के आकसत असेल, तर २५ सेंमी.च्या मूर्तीसाठी २८ सेंमी. उंची धरावी. आत तारेचा सांगाडा ठेवू नये. माती आकसते, तार आकसत नाही आणि मूर्ती तडकते. स्त्रीचा लांब झगा पोकळ शंकूसारखा स्वतःच भार पेलतो. पुरुषाचे पाय मात्र घोट्याशी मोडतात, म्हणून त्याला बाकावर बसवावे किंवा कुंपणाला टेकवावे. जाड भाग माती घट्टसर झाल्यावर कापून पोखरावेत, भिंत १ ते १.५ सेंमी. ठेवावी. हॅटची रुंद कड आधी वाळून वर वळते. ती प्लॅस्टिकने झाकावी.

आईचा हात धरलेले मूल ही सर्वांत नाजूक जागा. दोन्ही मूर्ती सारख्याच ओल्या असताना जोड खरवडून, मातीचा घोळ लावून दाबावा. सगळा समूह एकाच पाटावर, खाली वाळू पसरून, सावकाश वाळवावा. भट्टी ९० अंश सेल्सिअसवर काही तास रोखावी. नाहीतर आतला ओलावा वाफ होऊन मूर्ती फोडतो. ५७३ अंशांच्या आसपास मातीतील गारेचे (क्वार्ट्झचे) कण एकदम प्रसरण पावतात, तिथेही घाई नको. शेवटचे तापमान सुमारे १,००० अंश.