स्कॅनमधील डाय आणि मासळीची अ‍ॅलर्जी (कोकण)

सीटी स्कॅन, अँजिओग्राफी किंवा एमआरआय करताना रक्तवाहिन्या, गाठी व सूज स्पष्ट दिसावी म्हणून शिरेतून जे औषध देतात त्याला बोलीत ‘डाय’ म्हणतात. नाव काहीही असले तरी हे द्रव रंगहीन असते आणि अंगात कसलाही रंग चढवत नाही. सीटी व अँजिओग्राफीत आयोडीनयुक्त डाय वापरतात, कारण आयोडीनचा जड अणू क्ष-किरण अडवतो. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम या धातूची संयुगे असतात. अन्ननलिका व आतड्यांच्या तपासणीसाठी पाजले जाणारे बेरियम सल्फेट हा तिसरा प्रकार. ते रक्तात जात नाही, त्यामुळे त्याच्या तक्रारी वेगळ्या असतात आणि त्यांचा येथे विचार केलेला नाही.

कोकणात या विषयाला एक खास वळण आहे. स्कॅनच्या आधी भरायच्या फॉर्मवर ‘कशाची अ‍ॅलर्जी आहे का?’ असा रकाना असतो आणि मालवण-वेंगुर्ल्याकडचा रुग्ण तिथे हमखास सांगतो, ‘माका सुंगटां खाल्ल्यार अंगार पित्त उठता.’ सुंगटां म्हणजे कोळंबी. एवढे ऐकल्यावर कुठे तपासणी पुढे ढकलली जाते, कुठे डाय न देताच स्कॅन उरकतात, तर कुठे नातेवाईकच ‘डाय नको’ म्हणून सही करायला नकार देतात. समज असा की मासळीत आयोडीन, डायमध्येही आयोडीन, म्हणजे एकाची अ‍ॅलर्जी ती दुसऱ्याचीही.

हा समज चुकीचा आहे. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, कालवे यांची अ‍ॅलर्जी त्यांच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते. बांगडा-सुरमईसारख्या माशांच्या बाबतीत पार्व्हअल्ब्युमिन हे वेगळेच प्रथिन कारणीभूत असते. डायमध्ये यांपैकी एकही प्रथिन नसते. आयोडीन तर थायरॉइडला रोज लागते आणि आयोडीनयुक्त मीठ कोकणातल्या प्रत्येक कालवणात पडते. त्याचीच अ‍ॅलर्जी असती तर माणूस जेवूच शकला नसता. जखमेवर लावायच्या आयोडीनच्या तपकिरी औषधाने कातडी लाल होत असेल, तरी तेवढ्यावरून डाय नाकारण्याचे कारण नाही. हा गैरसमज १९७०च्या दशकात पसरला. डायची रिअ‍ॅक्शन आलेल्या रुग्णांपैकी काहींनी शंख-शिंपल्यांची अ‍ॅलर्जी सांगितली होती. पण इतर पदार्थांची अ‍ॅलर्जी सांगणारेही त्यांत तितकेच होते, आणि ते सोयीस्करपणे विसरले गेले. कोणतीही अ‍ॅलर्जी किंवा दमा असेल तर धोका थोडासा वाढतो, आणि मासळीची अ‍ॅलर्जीही याच सर्वसाधारण यादीत मोडते. विचारायला हवा तो प्रश्न निराळा: याआधी डाय दिल्यावर काही झाले होते का? तसे झाले असेल तर पुन्हा रिअ‍ॅक्शन येण्याची शक्यता सुमारे पाचपट असते.

त्वचेखाली किंवा शिरेत थेंबभर डाय टोचून ‘टेस्ट’ घेण्याची पद्धत आपल्याकडे अजून दिसते. ती भरवशाची नाही. टेस्ट निर्धोक गेली तरी पुढे गंभीर रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आणि क्वचित त्या थेंबानेच ती आल्याच्या नोंदी आहेत. टेस्टपेक्षा टेबलाशेजारी अ‍ॅड्रेनालिन (गंभीर रिअ‍ॅक्शनवरचे इंजेक्शन) आणि ऑक्सिजन तयार आहे का, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

डाय शिरेत जाताच अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखे वाटते. ही रिअ‍ॅक्शन नव्हे, मिनिटभरात ओसरते. अंगावर पित्त उठणे, खाज, घशाशी आवळल्यासारखे वाटणे, धाप, चक्कर या मात्र तिथल्या तिथे सांगायच्या गोष्टी. गंभीर रिअ‍ॅक्शनमध्ये मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिन देणे हा पहिला उपाय आहे.

जुन्या आयनिक, म्हणजे पाण्यात विद्युतभारित कणांत फुटणाऱ्या, डायची तीव्रता (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) रक्ताच्या पाच-सहापट होती. स्वीडिश रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टन आल्मेन यांना नवे औषध सुचले ते पोहताना, असे सांगतात: खाऱ्या समुद्रात उघडे डोळे झोंबत, पण कमी खारट पाण्यात झोंबत नसत. खाडीच्या मुखाशी आणि आत वरच्या अंगाला बुडी मारणाऱ्या पोरांना हा फरक न सांगता कळतो. यातून नॉन-आयनिक, कमी तीव्रतेची औषधे आली. आयोहेक्सॉल हे त्यांतले परिचित नाव. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या, सव्वातीन लाखांहून अधिक तपासण्यांच्या जपानी पाहणीत जुन्या डायने १२.६६ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला, नव्याने ३.१३ टक्क्यांना. गंभीर त्रासाचे प्रमाण ०.२२ वरून ०.०४ टक्क्यांवर आले.

मूत्रपिंडाचा प्रश्न अधिक गंभीरपणे घ्यायचा. डाय लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून आधी रक्तातले क्रिएटिनिन तपासतात; मूत्रपिंड कितपत काम करते ते त्यावरून कळते. निरोगी मूत्रपिंडांना शिरेतल्या डायने होणारी इजा पूर्वी वाटत होती त्यापेक्षा बरीच कमी आहे. काळजी घ्यायची ती मूत्रपिंड आधीच निकामी होत आलेल्यांची. वैशाखात उपाशीपोटी, पाणीही न पिता पहाटेची एसटी धरून जिल्ह्याच्या गावी येणारा वयस्क मधुमेही रुग्ण हा खरा जोखमीचा. पाणी बंद ठेवण्याची सहसा गरज नसते. स्पष्ट सूचना नसेल तर ते प्यावे. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे मूत्रपिंड बिघडत नाही, पण मूत्रपिंड बिघडले तर हे औषध साठून रक्तात लॅक्टिक आम्ल वाढते. म्हणून मूत्रपिंड खूप कमजोर असल्यास ते ४८ तास थांबवून क्रिएटिनिन पुन्हा पाहतात. सरसकट प्रत्येकाची गोळी बंद करणे अनावश्यक आहे.

थायरॉइडच्या रुग्णांनी मात्र आजार सांगितलाच पाहिजे. १०० मिली डायमध्ये साधारण ३० ग्रॅम आयोडीन असते आणि रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. बहुतेक आयोडीन रेणूत बांधलेले राहते. तरी सुटे होणारे थोडे आयोडीनही गलगंड किंवा अतिक्रियाशील थायरॉइड असणाऱ्याला पुढच्या काही आठवड्यांत त्रास देऊ शकते. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध थांबवण्याचे कारण नाही. दुधात उतरणारे प्रमाण नगण्य असते.

गॅडोलिनियमची कथा निराळी. मूत्रपिंड निकामी झालेल्यांची कातडी व सांधे आवळून टाकणारा नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस हा आजार या औषधाशी निगडित असल्याचे २००६ मध्ये उघड झाले. त्यानंतर निवड काटेकोर झाली आणि नवे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले. २०१४ मध्ये जपानी संशोधकांना वारंवार डाय घेतलेल्यांच्या मेंदूत त्याचा अंश दिसला. त्यातून आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. तरी सरळ साखळीच्या रेणूंपेक्षा धातूला कड्यात बंद करणारे रेणू अधिक सुरक्षित ठरले, आणि युरोपने २०१७ मध्ये सरळ साखळीच्या बहुतेक औषधांचा वापर थांबवला.

अंतरामुळे कोकणात आणखी एक अडचण येते. पुढच्या उपचारांसाठी दक्षिण सिंधुदुर्गातले लोक गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात जातात, इतर घाट चढून कोल्हापूरला किंवा मुंबईला. स्कॅन झाल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबायचे असते, पण परतीच्या गाडीची वेळ बघून ते टळते. पुरळ तासाभरापासून आठवड्याभरात केव्हाही उठू शकते आणि तोवर रुग्ण गावी पोचलेला असतो. गावच्या डॉक्टरला डाय दिल्याचे कोणी सांगत नाही, म्हणून ते कोळंबीच्या खाती जमा होते. रिपोर्टवर डायचे नाव, मात्रा आणि आलेला त्रास लिहून घेतला तर पुढच्या वेळी दुसरे डाय निवडता येते.